ब्रेकवरचा पाय

“मसुरकर, तुमची एक चप्पल मागे राहिली,” आरोलकर सिस्टर म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजव्या पायात नव्हती. ती पंधराएक पावलं मागे रस्त्यावर पालथी पडली होती आणि तिच्याविना मी डांबरावरून चालत गाडीपर्यंत आलो होतो. मार्चचे दिवस, सकाळचे अकरा. सावंतवाडीत त्या वेळेला कुत्रीसुद्धा डांबर टाळून गटाराच्या कडेने चालतात. सिस्टर मागे गेल्या, चप्पल उचलून आणली, माझ्या पायाशी ठेवली आणि विचारलं, “भाजलं नाही तुम्हाला?”

“आमची कातडी जाड आहे,” मी म्हणालो. “बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. पातळ कातडीच्या माणसाचा हा धंदा नव्हे. बसा, आरसा नीट करा, आणि आज तरी त्यात मागचा रस्ता बघा.”

माझी बोलायची पद्धतच तशी होती. बँकेच्या मॅनेजरला मी सांगितलं होतं की हे स्टिअरिंग आहे, पुरणाची परात नव्हे. कॉलेजच्या एका प्राध्यापकाला म्हणालो होतो, सर, तुम्ही मागच्या गाडीला वाट देताय की तिच्याकडे पत्रिका मागताय? मसुरकरच्या तोंडातून जो सुटला त्याला आरटीओचं भय नाही, असं गावात बोललं जाई, आणि मी ते सर्टिफिकेट समजून मिरवत असे. माझ्या गाडीला बावीस वर्षांत साधा ओरखडा नव्हता. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणाऱ्या मास्तराच्या पायाशीही एक ब्रेक असतो. समोरच्याने काहीही गोंधळ घातला तरी माझा पाय तिथे असे. गाव माझ्यावर विश्वास टाकत होतं तो खरं म्हणजे त्या पायावर.

आरोलकर सिस्टर गावातल्या सरकारी दवाखान्यात होत्या. वय छप्पन्न, निवृत्तीला दोन वर्षं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा निखिल पुण्यात नोकरीला. आई आजगावला, पंच्याऐंशीच्या पुढची. एसटीच्या दोन फेऱ्या, त्यातली एक रद्द व्हायला निमित्त शोधत असायची. म्हणून सिस्टरनी बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याची जुनी निळी गाडी विकत घेतली, घराच्या अंगणात प्लास्टिकखाली झाकून ठेवली, आणि मग माझ्याकडे आल्या. माझ्याकडे लोक पंधरा दिवसांत शिकतात. सिस्टरांचा तो बत्तिसावा दिवस होता. त्यांचा एकच रोग: ब्रेक. पुढे काही दिसलं की ब्रेक, काही दिसलं नाही की त्याच्या काळजीने ब्रेक. “सिस्टर,” मी म्हणायचो, “ते कुत्रं अजून घरातून निघालेलं नाही.” त्या हसायच्या आणि पुन्हा ब्रेक दाबायच्या.

त्या दिवशी गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी विचारलं, “मसुरकर, पायांना मुंग्या येतात का?”

येत होत्या. दिवाळीपासून येत होत्या. आधी बोटांच्या टोकांना, मग तळव्यांना, मग घोट्यापर्यंत, जणू कुणी मला मुंग्यांचे मोजे घातले होते. पुढे मुंग्या गेल्या आणि कापूस आला. जमिनीवर पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखं वाटे. सुरुवातीला मी हे उघडपणे बोलत होतो, कारण दुखण्याबद्दल बोलायला आपल्याकडे परवानगी लागत नाही आणि सल्ल्यासाठी शिक्षण लागत नाही. चहाच्या दुकानात बसणाऱ्या सगळ्यांचं एकमत झालं की गॅस. पायाच्या अंगठ्यात गॅस कसा शिरतो हे कुणी विचारलं नाही. एकाने तांब्याचं कडं दिलं. माडखोलच्या एका वैदूने पाल्याचा लेप दिला, त्याने पाय आठवडाभर हिरवे राहिले. मेव्हण्याने मुंबईहून टोकदार रबरी काट्यांच्या चपला पाठवल्या. घरात येणारा प्रत्येक जण त्या घालून किंचाळायचा. मी त्या घालून अर्धा तास उभा राहायचो आणि म्हणायचो, बघा, मला काही होत नाही. आणि बघणारेही मान डोलवायचे.

डॉक्टरकडे मात्र गेलो नाही. शिकवणाऱ्याच्या लायसन्सला डॉक्टरचा कागद लागतो. कागदावर जर काही लिहिलं गेलं, तर गाडी अंगणात आणि मीही अंगणात. शिवाय माझे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळून गेले होते. आपल्याला तेच होत असेल तर ते कळण्यापेक्षा गॅस बरा, असा माझा शास्त्रीय विचार होता.

“मुंग्यांचं मी बघतो,” मी सिस्टरना म्हणालो. “तुम्ही गिअर बघा.”

“रक्त तपासून घ्या,” त्या म्हणाल्या. “बी-ट्वेल्व्ह कमी असेल. तुम्ही मासे सोडलेत ना?”

मासे सोडले होते. साडेपाच वर्षांपूर्वी घाटावरचे एक महाराज आले, त्यांच्यासमोर मी मासे, मटण, अंडी सगळं सोडण्याचा संकल्प केला. कोकणात माणसाने मासे सोडले की लोक दोनच शक्यता धरतात, कावीळ किंवा वैराग्य. मला कावीळ नव्हती म्हणून माझा मान फार वाढला. माशांच्या जागी चहा वाढला, चहाने पित्त वाढलं आणि पित्तासाठी मी रोज सकाळी एक गोळी घेऊ लागलो. तीही पाच वर्षं, आपल्या मनाने.

“सिस्टर,” मी म्हणालो, “आधी तुम्ही तिसरा गिअर शोधा, मग माझं व्हिटॅमिन शोधा.”

तिसरा गिअर त्यांना त्याही दिवशी सापडला नाही.

चार दिवसांनी मी त्यांना चढावर नेलं. दवाखान्यामागून वरच्या आळीला जाणारा रस्ता, एका बाजूला चिऱ्याच्या गडग्याची बुटकी भिंत, दुसऱ्या बाजूला गटार. चढावर मधेच गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा पुढे काढायची, हा धडा सगळ्यांना नको असतो. सिस्टरांनी थांबवली, अर्थात उत्तम थांबवली, तेच त्यांना येत होतं. पण पुढे काढायची वेळ आली तरी ब्रेकवरचा पाय निघेना. मागे एक रिक्षा येऊन कडेने निघून गेली. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझा आवाज चढला.

“ब्रेकवरून पाय काढा. माझा पाय आहे ब्रेकवर. तुम्ही काढा.”

“नक्की आहे?” त्यांनी विचारलं.

“बावीस वर्षं आहे.”

त्यांनी पाय काढला. गाडी मागे सरकली. मी ब्रेक दाबला. गाडी सरकतच राहिली. मी आणखी जोराने दाबला, मांडीच्या शिरा ताणल्या, पाठ सीटवर टेकवून सगळं वजन टाकलं, आणि गाडी वेग घेऊ लागली. तेव्हा मी खाली पाहिलं. माझा पाय ब्रेकवर नव्हताच. तो ब्रेकच्या शेजारी, रबरी चटईवर होता आणि मी पूर्ण ताकदीने गाडीची जमीन दाबत होतो.

पाय उचलून योग्य जागी ठेवायला डोळ्यांनी बघत ठेवावा लागला. तेवढ्यात करकर आवाज झाला. सिस्टरांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला होता. गाडी थांबली, पण मागून चढ चढणारे, शाळेतून निवृत्त झालेले धोंड गुरुजी त्याआधीच जीव वाचवायला गटारात उडी मारून मोकळे झाले होते. पंच्याहत्तरीच्या माणसाने मारावी तशी ती उडी नव्हती. छत्री एकीकडे, भाजीची पिशवी दुसरीकडे आणि उजवं मनगट अंगाखाली.

माणसं जमायला वेळ लागला नाही. दोन रिक्षावाले, औषधाच्या दुकानातला पोऱ्या नव्हे तर खुद्द मालक, वरच्या आळीतल्या बायका. सगळ्यांनी एकच विचारलं, काय झालं, कसं झालं. मी गाडीतून उतरलो, दाराला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, “बाईंनी ब्रेक सोडला.”

वाक्य खरं होतं. खोटं बोलण्यासाठी इतकं सोयीचं खरं वाक्य मला आयुष्यात पुन्हा सापडलं नाही.

सिस्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्या गटारात उतरल्या, कुणाकडून तरी वर्तमानपत्र मागून त्याची घट्ट गुंडाळी केली, गुरुजींचा हात त्यावर ठेवून रुमालाने बांधला आणि त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. मी गाडी घरी आणली. पहिल्या गिअरमध्ये, सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत.

मनगट मोडलं होतं. धोंड गुरुजी वरच्या आळीतल्या मंदिरात भजनाला पेटी वाजवायचे, चाळीसएक वर्षं. रामनवमीचा सप्ताह तीन आठवड्यांवर आला होता आणि पेटी बंद. गावाला विषय पाहिजेच होता. आरोलकर सिस्टरनी गुरुजींचा हात मोडला, हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावातल्या तलावाला वळसा घालून परत आलं. दवाखान्यातले पेशंट इंजेक्शन घेताना म्हणू लागले, सिस्टर, सुई धरून ठेवा, ब्रेकसारखी सोडू नका. निखिलने पुण्याहून फोन करून शिकणं बंद करायला सांगितलं आणि निळी गाडी विकायची जाहिरातही देऊन टाकली, आईला न विचारता. गुरुजींच्या घरी सिस्टर रोज ड्युटी संपल्यावर प्लास्टरमधली बोटं बघायला जात. गुरुजी तोंड भिंतीकडे करून हात तेवढा पुढे करत.

हे सगळं मला कळत होतं, कारण लोक मला येऊन सांगत होते. माझ्याबद्दल सगळ्यांना सहानुभूती होती. बावीस वर्षांची कीर्ती एका बाईने घालवली, असं म्हणून एकाने तर माझा हात हातात घेतला. मी तो घेऊ दिला.

शिकवणं मी बंद केलं नाही. फक्त आता मी रस्ता बघत नव्हतो, विद्यार्थी बघत नव्हतो, सगळा वेळ मान खाली घालून स्वतःचा पाय बघत होतो. त्यामुळे तोंड आपोआप बंद राहिलं. मसुरकर फार मवाळ झाले, असं विद्यार्थी घरी जाऊन सांगू लागले. दोन नवीन नावंही आली.

नवव्या दिवशी, रविवारी दुपारी चारच्या सुमाराला सिस्टर आमच्या घरी आल्या. दार माझ्या बायकोने, सुलभाने उघडलं. मी आतल्या खोलीत होतो. भांडायची तयारी करूनच बाहेर आलो. सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी भांडण काढलं नाही. मला म्हणाल्या, चप्पल काढा आणि पाय जुळवून उभे राहा.

“कशाला?”

“राहा तर.”

मी उभा राहिलो.

“आता डोळे मिटा.”

मी डोळे मिटले आणि घर फिरलं. पडणार एवढ्यात सिस्टरांनी एका बाजूने आणि सुलभाने दुसऱ्या बाजूने धरलं. सुलभाचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं ती रडणार. ती म्हणाली, “म्हणजे हे पीत नाहीत?”

तेव्हा मला कळलं की सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी बेसिनपाशी झोकांड्या देतो हे ती तीन महिन्यांपासून पाहत होती. तीन महिने ती माझ्या तोंडाचा वास घेत होती आणि वास येत नाही म्हणून आणखी काळजी करत होती, की हे असं काय पितात ज्याला वासच नाही. महाराजांच्या माणसाकडून तिने अंगाराही आणून माझ्या चहात घातला होता. पित्त का वाढतंय ते मला त्या दिवशी थोडं उमगलं.

सिस्टरांनी मला पलंगावर आडवं केलं, पुन्हा डोळे मिटायला लावले आणि माझा अंगठा धरून वर किंवा खाली करू लागल्या. कुठे आहे ते मी सांगायचं. मी आत्मविश्वासाने सांगत गेलो. सहा वेळा विचारलं. डोळे उघडल्यावर सुलभाने निकाल दिला, सहापैकी एक बरोबर.

“पाय कुठे आहे ते पायाला कळतं, पण ते वर पोचत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “वर्षानुवर्षं बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की असं होतं. पुष्कळ जणांचं भरून येतं. उशीर केला तर येत नाही. तुम्ही उशीर केलाच आहे, किती ते बघू.”

त्यांनी पिशवीतून सुई काढली, रक्त घेतलं, बाटलीवर माझं नाव लिहिलं. सुलभा चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघंच उरलो. मला राहवेना.

“त्या दिवशी तुम्ही पाहिलंत?”

“तुमच्या पायाकडे? हो. तुम्ही खाली बघितलंत म्हणून मीही बघितलं.”

“मग बोलला का नाहीत? सगळे जमले होते.”

सिस्टर बाटली हलवत होत्या. “शिकाऊ बाई मी. बावीस वर्षांचे मास्तर तुम्ही. कुणाचं ऐकलं असतं लोकांनी? आणि मला वाटलं, घाबरलाय माणूस, घाबरून बोलला. एक-दोन दिवसांत येईल आणि सांगेल. आज नऊ झाले.”

त्यांनी हे चढ्या आवाजात सांगितलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. चढ्या आवाजाला उत्तर देण्यात माझं आयुष्य गेलं होतं. त्या साध्या आवाजात बोलल्या, चहा प्यायल्या, सुलभाला रव्याचे लाडू चांगले झालेत म्हणाल्या आणि गेल्या.

मंगळवारी रिपोर्ट आला. दोनशेच्या वर असावं लागतं ते माझं एक्क्याऐंशी होतं. सिस्टर मला दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे, त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं झापलं. पित्ताच्या गोळ्या पाच वर्षं कुणाला विचारून घेतल्या, कडं कशासाठी घातलं, आणि या पायांनी शिकवताय? गाडीला हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत. इंजेक्शनं लिहून दिली, आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला एक. मासे खाणार का विचारलं. मी संकल्पाचं सांगितलं. ते म्हणाले, मग जन्मभर इंजेक्शन, देवाला कळवा. (महाराजांच्या त्याच माणसाने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की महाराजही दर महिन्याला हेच टोचून घेतात. ते प्रवचनात कधी आलं नव्हतं, बहुतेक वेळेअभावी.)

पहिलं इंजेक्शन आरोलकर सिस्टरांनीच दिलं. मला खात्री होती की त्या आता अट घालतील. आधी लोकांना खरं सांगा, मग सुई. मी मनातल्या मनात घासाघीससुद्धा करून ठेवली होती, एकट्या गुरुजींना सांगतो, गावाला नको. त्यांनी अट घातलीच नाही. दंडावर कापूस चोळला, सुई टोचली, “गुरुवारी याच वेळेला,” म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या. पुढचा पेशंट माझ्याकडे बघून डोळे मिचकावत त्यांना म्हणाला, सिस्टर, जपून हां, ब्रेक.

मी दवाखान्यातून निघालो तो सरळ वरच्या आळीला. दोन ठिकाणी थांबून चप्पल पायात आहे का ते बघावं लागलं. गुरुजी ओसरीवर बसले होते, प्लास्टरचा हात उशीवर. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मुंग्या, चटई, ब्रेक, सिस्टरांना पाय काढायला मीच लावला तेही. गुरुजी शाळेत आणि शाळेबाहेर शुद्ध बोलायचे, मालवणी फक्त संतापल्यावर.

“अनंता,” ते म्हणाले, “ह्या माका एकट्याक सांगान काय उपेग? मी काय पेपर आसंय?”

सहा वाजता मंदिरात भजनाची मंडळी जमायची. गुरुजी उठले, चांगल्या हाताने माझा दंड धरला, नेमका इंजेक्शनचा, आणि मला तिथे घेऊन गेले. चाळीसएक माणसं होती. पेटीपुढची जागा रिकामी होती. गुरुजींनी मला तिथे बसवलं आणि टाळ थांबवले. “हा काय सांगतो ते ऐका,” एवढंच म्हणाले.

बावीस वर्षं मी लोकांना त्यांच्या चुका सांगत आलो होतो, एकेकाला, गाडीच्या काचा बंद करून. चाळीस जणांना एकदम स्वतःची सांगायची म्हणजे कुठून सुरू करायचं ते कळेना. मी चपलेपासून सुरू केलं. माझा हात हातात घेऊन सहानुभूती दाखवणारा गृहस्थ पुढेच बसला होता, तो आपल्या तळहाताकडे बघत होता. शेवटी मी म्हणालो, “सिस्टरांनी ब्रेक सोडला तो मी सांगितलं म्हणून. आणि गाडी थांबवली तीही त्यांनीच. त्या दिवशी गुरुजी वाचले ते माझ्यामुळे नव्हे.”

मला वाटलं आता कुणी उठून मारणार, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग मागून पखवाजवाल्या नाना मेस्त्रींनी चाचरत विचारलं, “मुंग्या म्हणजे नक्की कशा? माकापण येतत.” दुसरा म्हणाला, बोटांना की तळव्याला? तिसऱ्याने गॅसची शक्यता मांडली. पाच मिनिटांत अर्धं भजनी मंडळ पाय पसरून बसलं होतं आणि एकमेकांचे अंगठे वर-खाली करून बघत होतं. माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप गावाने दखल घेऊन बाजूला ठेवलं, कारण प्रत्येकाला आपापला पाय होता.

गुरुजी त्यात नव्हते. ते कधी निघून गेले ते मला कळलंच नाही. सिस्टरांनी मला पुढे सांगितलं, संध्याकाळी दार वाजलं, उघडलं तर गुरुजी उभे. आत या म्हटलं तर आले नाहीत. दारातच म्हणाले, तुम्ही रोज येत होतात आणि मी भिंतीकडे बघत होतो. मग भिंतीकडे बघायची सवय झालेली असल्यामुळे की काय, त्यांच्या दाराच्या चौकटीकडे बघत उभे राहिले आणि थोड्या वेळाने परत गेले.

निखिलला फोन करायचं राहिलं होतं. तो मला ओळखत नव्हता, माझी भीडही त्याला नव्हती, त्यामुळे ते सगळ्यात जड गेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे विचारलं, “म्हणजे काका, आईला गाडी चालवता येते?”

“नाही,” मी म्हणालो. “पण तो त्यांचा तिसऱ्या गिअरशी मामला आहे. तुमच्या जाहिरातीशी त्याचा संबंध नाही. ती मागे घ्या.”

पाच महिने मी गाडीला हात लावला नाही. कुडाळच्या गावडे नावाच्या माणसाला शिकवायला ठेवलं. तो विद्यार्थ्यांशी इतका गोड बोलायचा की मला बघवत नसे. इंजेक्शनांनी आधी मुंग्या परत आल्या, कापूस गेला की मुंग्या येतात आणि हे चांगलं लक्षण असतं असं सिस्टर म्हणाल्या, मग हळूहळू त्याही ओसरल्या. दोन्ही पायांची शेवटची दोन-दोन बोटं मात्र आजतागायत माझी नाहीत. आहेत, पण बोलत नाहीत. पुढे शिकवायची परवानगी मिळाली तरी ब्रेक दाबण्याआधी मी खाली बघतो, ते सुटलं नाही.

सिस्टरांची परीक्षा ऑगस्टमध्ये ओरोसला, आरटीओत झाली. शिकवलं गावडेने, पण त्यांनी मलाही सोबत नेलं, मागच्या सीटवर. परीक्षेत गाडी उलटी घेत दोन खांबांमधून काढायची होती. सिस्टरनी ती सावकाश, एकदाही विनाकारण न थांबता घेतली आणि डावीकडचा खांब आडवा केला. साहेबांनी कागदावर खूण केली आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

सिस्टर गाडीतून उतरल्या, आम्ही उभे होतो तिथे आल्या. सतरा-अठरा माणसं रांगेत होती.

“मसुरकर,” त्यांनी विचारलं, “तो खांब कुणी पाडला?”

“तुम्ही.”

“उतार वगैरे होता का? कुणाचा पाय?”

“जमीन सपाट होती, सिस्टर. कुणाचा काही संबंध नाही. ही पूर्णपणे तुमची चूक.”

“जरा मोठ्याने सांगा.”

मी मोठ्याने सांगितलं. रांगेतले लोक वळून बघायला लागले. गावडे मला गप्प करायला माझी बाही ओढू लागला, बाईमाणसाला असं चारचौघांत बोलतात का म्हणून. सिस्टर पदराने तोंड दाबून हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि तशाच हसत नवा फॉर्म आणायला खिडकीकडे गेल्या.

दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. पण त्या दिवशीइतक्या खूश दिसल्या नाहीत.